सहा महिने न केलेली प्रार्थना

"टायमरची वायर कोणी काढली?" मुलाने बॉयलरच्या खोलीच्या दारातूनच विचारलं.

"मी, काल रात्री," आई म्हणाली.

लाँड्रीतली सहाही इस्त्रीयंत्रं गार पडली होती. सातला दहा कमी. सातला हॉटेलचा मॅनेजर काम बघायला येणार होता. दोनशे खोल्यांच्या चादरी धुवायला मिळणार की नाही, ते आज ठरणार होतं.

"आई, वाफ धरायला वीस मिनिटं लागतात. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आजच आलंय."

*

आधीचा बॉयलर.

जुना, तिसऱ्या हाताने घेतलेला. त्याची झडप कधी अडकेल याचा नेम नव्हता. रोज सकाळी आई आणि तिचा नवरा त्याच्यापुढे गुडघे टेकत, प्रार्थना करत आणि मगच पेटवत. तो कधी फुटला नाही. नवरा मात्र गेला, तापाने, घरी, बिछान्यात. दुसऱ्या सकाळी तिने एकटीने गुडघे टेकले.

*

आत्ताचा बॉयलर.

सहा महिन्यांपूर्वी घेतलेला, नवाकोरा. सकाळी सहा वाजता टायमरवर आपोआप सुरू होतो. सगळे येतात तेव्हा वाफ तयार असते. फुटणार नाही, असं कंपनीने लिहून दिलंय.

काल चादर घडी करताना इस्त्रीवाली मावशी सहज म्हणाली, "बाई, हल्ली गुडघे बरे दिसतायत. पूर्वी सकाळी किती कण्हायचीस."

आईच्या हातातली घडी सुटली. सहा महिने तिने गुडघे टेकलेच नव्हते. कोणी मनाई केली नव्हती, भांडण नव्हतं, शंकाही नव्हती. नुसतं सगळं सुरळीत चाललं होतं.

*

"पेटवण्याआधी प्रार्थनाच करायची ना? मग मनातल्या मनात कर," मुलगा म्हणाला.

"तू मला मनातल्या मनात जेवायला घालतोस का?"

"रविवारी जातेसच की चर्चमध्ये."

"तिथे तर मी आलेल्यांना चहा देते. तो देवाला लागत नाही."

मावशी चादरीआड तोंड लपवून हसली. मुलाने तिच्याकडे पाहिल्यावर तिला खोकला आला.

"हे काम गेलं ना आई, तर उद्यापासून तू घरी बसायचं. खरं सांगतोय."

"बसेन. गुडघ्यांवर बसेन."

बाहेर गाडी थांबली. मॅनेजर आत आला, त्याने यंत्रावर हात ठेवला आणि भुवई उचलली. मुलगा पुढे धावला. आई मागे वळली, बॉयलरपुढे वंगणाळलेल्या फरशीवर एक गुडघा टेकला, मग दुसरा.

*

बापा, हा बॉयलर फुटणार नाही.

("दोन मिनिटं, सर. थोडी तांत्रिक अडचण आहे.")

म्हणजे आज मागायला काही नाही. तरी आले आहे.

("त्या कोण?" "आई आहे माझी.")

भीती होती तेव्हा रोज यायचे. पोट भरलं आणि तुझ्याकडे पाठ फिरवली. तू हाक मारली असशील. यंत्रांच्या आवाजात ऐकली नाही, असं म्हणणार नाही. ऐकायलाच थांबले नाही.

("अहो, आमच्याकडे सात म्हणजे सात.")

हे सगळं तू दिलंस. हवं तर ने. मला मात्र हे विसरू देऊ नकोस. येशूच्या नावाने. आमेन.

*

गाडी निघून गेली.

आई पाइपाला धरून उठली. तिने बटण दाबलं. काटा हळूहळू वर सरकू लागला.

"झालं समाधान?" मुलाचा आवाज फाटला होता. "उद्या वायर मी परत जोडणार."

"जोड. मी काढीन."

"रोज?"

"रोज."

मॅनेजरला दाखवायला काढलेली चादर त्याने पुन्हा घडी करायला घेतली. कडा जुळेनात. मावशीने दुसरं टोक धरलं.

आईच्या कपड्यांवर गुडघ्यांपाशी वंगणाचे दोन काळे गोल उमटले होते. डाग काढायच्या बाटल्या समोरच्याच फळीवर होत्या. दिवसभर ती पांढऱ्याशुभ्र चादरींमधून तशीच फिरली.