एका दांडीचा पाहुणचार

मित्रांनो, मी एक जुनी दांडी आहे. हसू नका, आधी ऐकून तर घ्या! ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरात एक किराणा दुकान आहे. तिथे बिल करायच्या जागी सामानाचा काळा पट्टा सरकत असतो. त्या पट्ट्याच्या कडेला माझा मुक्काम. एकाचं सामान संपलं की मध्ये मला आडवं ठेवायचं आणि मग दुसऱ्यानं आपलं सामान मांडायचं. एवढंच माझं काम.

एवढंच म्हणते खरी, पण मी नसले तर काय गोंधळ होतो ते पुढे कळेलच.

माझा जन्म एका प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. मी हातभर लांब, तीन बाजूंची आणि आतून पोकळ आहे. एका बाजूला कॉफीची जाहिरात, दुसरीला कपड्यांच्या साबणाची. तिसऱ्या बाजूला जाहिरात द्यायला कुणीच पुढे आलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आमच्या काउंटरवर पूर्वी आम्ही दोघी होतो. माझी जोडीदारीण एका सणाच्या गर्दीत पट्ट्याखाली गेली ती गेलीच. तेव्हापासून सगळा भार माझ्या एकटीवर.

त्या दिवसांत मला फार गर्व होता. तुझं ते तुझं, माझं ते माझं, हे जगाला शिकवणारी मीच, असं मला वाटायचं. पुढच्या माणसानं मागच्यासाठी मला ठेवायचं आणि मागच्यानं "धन्यवाद" म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. आमच्या गल्लीतले पिखलर आजोबा मला रोज इतकं काटेकोर ठेवायचे की पट्ट्याच्या दोन्ही कडांना माझं सारखंच अंतर राहायचं. माणूस असावा तर असा!

आणि नसावा तर कसा? खातियासारखा! ही बाई जॉर्जियाहून आलेली. नवरा लेवान इथल्या पोलादाच्या कारखान्यात इंजिनियर. सोबत सासू एतेरी आजी आणि सात वर्षांची मुलगी नुत्सा. पिखलर आजोबांच्याच इमारतीत, त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर ही मंडळी राहायची. दुकानात आली की खातिया घाबरून अर्धी व्हायची. कारण आमच्या गल्ल्यावरच्या हॉलरर बाई. त्यांचा हात म्हणजे वारा! तुम्ही पिशवी उघडेपर्यंत तुमची कोबी, दूध, अंडी सगळं पलीकडे ढकललेलं असायचं. वर मागची रांग अशी बघायची की जणू खातियानं त्यांचं रेशन अडवलंय. बिचारी दोन्ही हातांनी सामान पिशवीत लोटायची आणि पळत सुटायची. मला ठेवायचं भान तिला कुठलं? मी तिच्यावर डूख धरून होते.

तो ईस्टरच्या आदल्या दिवसाचा शनिवार. सहाला दुकान बंद होणार, मग रविवार-सोमवार सणाची सुट्टी, थेट मंगळवारी उघडणार. खातियाला हे पावणेसहाला कळलं, कारण त्यांच्या पंचांगाप्रमाणे त्यांचा ईस्टर पुढच्या रविवारी होता. ती धावत आली आणि दिसेल ते घेऊन पट्ट्यावर ओतलं. मागे पिखलर आजोबा. तिनं मला ठेवलं नाही म्हणून त्यांनी "हं!" केलं आणि स्वतःच मला मध्ये ठेवलं. हॉलरर बाईंचे हात सुरू झाले. शेवटी कांद्याची पात आली, पातीला चिकटून मी आले, आणि खातियानं घाईघाईत डोळे मिटल्यासारखं सगळं पिशवीत लोटलं.

मी किंचाळले असते हो! पण प्लास्टिकला तोंड कुठलं?

घरी आल्यावर पिशवी रिकामी केली ती एतेरी आजीनं. मला बघताच तिचा चेहरा खुलला.

"अगं बाई! लाटणं आणलंस?"

खातिया आत कपडे बदलत होती. आजीनं मला धुतलं, पुसलं, ओट्यावर पीठ भुरभुरलं आणि चीज भरलेल्या भाकरीचा गोळा घेऊन मला फिरवायला लागली. मी तीन बाजूंची! एकदा फिरले की धप्प, पुन्हा फिरले की धप्प.

"काय मेला देश आहे," आजी करवादली, "इथं लाटणंसुद्धा सरळ फिरत नाही!"

मग तिनं माझ्या अंगानं अक्रोड फोडून बघितले. मित्रांनो, माझ्या कॉफीच्या जाहिरातीवर जो पोचा दिसतो ना, तो त्या दिवशीचा. एवढ्यात नुत्सा आली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आजी! हे लाटणं नाही! ही दुकानातली दांडी आहे. आईनं चोरली!"

खातिया धावत आली. मला बघून ती मटकन खुर्चीत बसली. "मी चोर झाले," ती म्हणाली. "आता त्या दुकानात मी कधी पाय ठेवणार नाही."

"नाही कशी? जवळ दुसरं दुकान कुठंय?" लेवान म्हणाला. मग त्याचाही चेहरा उतरला. "आणि याच महिन्यात आपलं इथं राहायच्या परवान्याचं कार्ड नवं करायचंय. दुकानात कॅमेरे असतात, खातिया. कुणी चोरी म्हटलं तर?"

"मग आत्ता परत देऊन ये की," आजी म्हणाली.

"आई, दुकान मंगळवारी उघडणार."

म्हणजे चोरीचा माल तीन रात्री घरात! खातिया न जेवताच उठली. मला पण वाईट वाटायला लागलं. इतके दिवस मी हिला उद्धट समजत होते. ही तर नुसती घाबरलेली होती.

रविवारी सकाळी लेवाननं फर्मान काढलं, दांडी कचऱ्यात टाकून मोकळं व्हायचं. मला कोटात लपवून तो खाली कचऱ्याच्या रंगीत डब्यांपाशी गेला. पण टाकणार कुठल्या डब्यात? पिवळ्या डब्यात फक्त वेष्टनं चालतात आणि मी काही वेष्टन नव्हे. कागदाच्या डब्यात तर मुळीच नाही. काळ्या डब्यापाशी त्याचा हात गेला, तोच मागून आवाज आला.

"रविवारी कचरा?"

पिखलर आजोबा! लेवाननं मला परत कोटात खुपसलं. मी त्याच्या बरगडीत घुसले.

"नाही, नाही, सहज... हवा खायला आलो."

"कचऱ्यापाशी?" आजोबा म्हणाले. पण त्यांना स्वतःचंच गाऱ्हाणं सांगायची घाई होती. "काल दुकानात काय झालं माहितीय? तुमची बायको गेली आणि दांडी गायब! माझ्या मागच्या बाईनं कुत्र्याच्या खाण्याचे डबे ठेवले आणि ती अंडी आणायला परत आत पळाली. मध्ये दांडी नाही. सगळे डबे माझ्या बिलात! मी कुत्रा पाळत नाही, साहेब! ज्यानं ती दांडी नेली ना, तो मला भेटायला हवा."

"हो, हो, भेटायलाच हवा," असं म्हणत लेवान जिना चढला तो एका दमात.

झालं! आता चोरी तर होतीच, वर शेजाऱ्याचं नुकसान. खातियानं रडायचंच बाकी ठेवलं होतं, तेही केलं. पण एतेरी आजीनं मला ताब्यात घेतलं आणि जाहीर केलं, "कचऱ्यात कुणी टाकायचं नाही. आमच्या गावी घरात आलेला पाहुणा देवानं धाडलेला असतो. तो आपल्या पायांनी आला का पिशवीतून, ते विचारायचं नसतं."

आणि तिनं मला जेवणाच्या टेबलावर, चक्क एका रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलं! रविवारी आणि सोमवारी दोन्ही दिवस. त्यांच्याकडे जेवताना पेला उंचावून कुणाच्या तरी नावानं चार चांगले शब्द बोलायची पद्धत आहे. आजी उभी राहिली. "ही बया उभा जन्म लोकांच्या बटाट्यांमध्ये आडवी पडून राहिली," ती म्हणाली. "हिला कुणी एकदा बस म्हटलं नाही. हिच्या नावानं!" लेवान हसला, नुत्सा तर लोळलीच. खातियासुद्धा डोळे पुसता पुसता हसली. माझ्यासमोर भाकरीचा तुकडा ठेवला होता, अक्रोड भरलेली वांगी होती. मला खाता येत नव्हतं, ती गोष्ट वेगळी. पण मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. दुकानात इतकी माणसं मला हात लावतात, पण असं कुणी केलं नव्हतं.

बाकीचा वेळ खातिया आरशासमोर जर्मनमधलं एकच वाक्य घोकत होती. "मी चोर नाही. घाई झाली. माफ करा." नुत्सा तिचे उच्चार सुधारत होती.

मंगळवारी सकाळी त्या तिघी निघाल्या. नुत्साला शाळा नव्हती. खातियाचा बेत ठरला होता. सामान पट्ट्यावर मांडायचं आणि हळूच मलाही ठेवून द्यायचं, जणू मी कुठे गेलेच नव्हते. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. इतक्यात मागे कोण येऊन उभं राहिलं? पिखलर आजोबा, हातात डब्यांची पिशवी. खातियाचा हात माझ्यावरच होता. तिनं मला पिशवीतच दाबून धरलं.

एतेरी आजीनं ते बघितलं. "लपवतेस का? लपवतो चोर. आपण चोर आहोत का?" असं म्हणून तिनं मला बाहेर काढलं, हॉलरर बाईंसमोर दणकन ठेवलं आणि आपल्या भाषेत ठणकावलं, "घे बाई तुझं लाटणं!"

हॉलरर बाईंनी पट्टा थांबवला. पट्टा गर्दीत थांबलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. सगळी रांग माना उंचावून बघायला लागली.

खातियानं तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे पळालं! डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेवटी नुत्साच म्हणाली, "माझी आई चोर नाही. तिला फक्त पिशवी लवकर भरता येत नाही."

हॉलरर बाईंनी मला उचललं. माझ्या सांध्यात पीठ अडकलं होतं, ते त्यांनी नखानं खरवडलं. "घाई हिनं नाही, मी केली," त्या म्हणाल्या. "घरी पोरं वाट बघत होती. मी हिच्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही." मग त्यांनी गल्ल्याखालून कागदी रुमाल काढून खातियाच्या हातात दिला.

खातियाचा जीव भांड्यात पडतोय, तोच मागून गर्जना झाली.

"म्हणजे ही दांडी माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर होती! आणि मी पैसे भरून कुत्र्याचे डबे घरी नेले! हे घ्या परत."

हॉलरर बाईंनी डबे मोजले. "आजोबा, बिलात सहा आहेत. हे पाच."

पिखलर आजोबांनी स्वतः पुन्हा डबे मोजले. मग टोपी काढली, पुन्हा घातली.

"चष्मा नव्हता लावला," ते पुटपुटले. "रविवारी एक गरम केला. बटाट्याबरोबर. मला वाटलं, माझाच मटणाच्या रस्स्याचा डबा आहे." वर म्हणाले, "मीठ कमी होतं."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले, अगदी हॉलरर बाईसुद्धा. एतेरी आजी तेवढी "काय झालं, काय झालं?" करत होती. नुत्सानं तिला सगळं समजावून सांगितलं. आजी हसली नाही.

"त्याला विचार, सणाच्या दिवशी तो एकटा जेवला?"

नुत्सानं विचारलं. आजोबांनी खांदे उडवले. "बायको गेल्यापासून एकटाच जेवतो. त्यात काय?"

आजीचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "अरे देवा," ती सुनेला म्हणाली, "आपण वर एका दांडीला खुर्ची दिली, तिच्या नावानं पेले उंचावले! आणि आपल्या पायाखाली हा माणूस एकटा बसून कुत्र्याचं खात होता!"

तिनं दुकानवाल्यांसाठी घरून आणलेली चीज भरलेली गरम भाकरी पिशवीतून काढून आजोबांच्या हातात कोंबली. "येत्या रविवारी आमचा सण आहे. ह्याला सांग, दोनला यायचं. नाही म्हटलं तर मी खाली उतरून घेऊन जाईन."

"दोन वाजता मी झोपतो," आजोबा म्हणाले.

"तर सांग त्याला, आमच्याकडे झोप!"

खातियानं डोळे पुसले. आपलं सामान पुढे सरकवलं, मला उचललं आणि तिच्या कोबीच्या आणि आजोबांच्या डब्यांच्या मध्ये ठेवलं. जरा तिरकंच ठेवलं. आजोबांनी मला सरळ करायला बोट पुढे केलं, मग तसंच मागे घेतलं.

"धन्यवाद," ते म्हणाले.

पुढची हकिगत मला गल्ल्यावर ऐकायला मिळाली. त्यांच्या सणानंतरच्या शनिवारी पिखलर आजोबा हॉलरर बाईंपाशी तक्रार करत होते. दोनला बोलावलं आणि दिवेलागणीपर्यंत उठूच दिलं नाही म्हणे. खाऊन खाऊन कमरेचा पट्टा सोडायला लागला, आणि ती म्हातारी एक अक्षर जर्मन येत नसताना तासभर आपल्याशी भांडत होती. "छळ आहे नुसता!" म्हणाले, आणि रविवारी परत त्यांच्याकडे न्यायला फुलं घेऊन गेले.

खातिया आता पिशवी निवांत भरते. मागचे थांबतात, काही मरत नाहीत.

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. अंगावर पोचा आहे, साबणाची जाहिरात पुसली गेली आहे. नवी दांडी आणायची चर्चा सुरू आहे असं ऐकते. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमचं सामान मांडून झालं की मागच्यासाठी मला ठेवत जा आणि मान वर करून त्याच्याकडे एकदा बघत जा. कांद्या-बटाट्यांच्या मध्ये मी हवीच. पण ते सामान घरी नेल्यावर शेजारच्या दाराच्या आणि तुमच्या दाराच्या मध्ये दांडी लागत नाही. वर खुर्ची रिकामी असेल तर खाली जाऊन दार वाजवा.