गेलनचं मत

"दोन मिनिटं आहेत, मिस्टर केसल," विधिमंडळाच्या समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

ऑर्लिन केसलने टोपी मांडीवर ठेवली. एकोणतीस वर्षं त्याने राज्याच्या रस्ता खात्यात बर्फ लोटायची गाडी चालवली होती. आज अडीच तास गाडी हाकत तो डेन्व्हरला आला होता, आणि लिहून आणलेलं भाषण त्याला आता परक्याचं वाटत होतं. त्याने कागदाची घडी घालून तो खिशात टाकला.

"आमच्याकडे रस्ता तेवढाच आहे, बर्फही तेवढंच पडतं," तो म्हणाला. "मी कामाला लागलो तेव्हा आम्ही नऊ जण होतो, सुटलो तेव्हा चार. मध्ये एका हिवाळ्यात रात्रपाळी बंद झाली. त्याच वसंतात राज्याने मला जादा कराच्या परताव्याचा चेक पाठवला, कारण घटनेने घातलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे जमले होते. ते ठेवायची राज्याला परवानगीच नव्हती. ही मर्यादा सैल करायची का, ते एकदा लोकांना विचारा. एवढंच."

कोपऱ्यातल्या एका तरुण सदस्याने चष्मा वर सरकवला. "तीस वर्षांपूर्वी हीच मर्यादा घटनेत यावी म्हणून सह्या गोळा करणाऱ्यांत एक ऑर्लिन केसल होता. तो तुमचा कोण?"

"तो मीच."

मागच्या बाकांवर हशा झाला.

"मग तेव्हा चुकलात, की आता चुकताय?"

ऑर्लिनने जरा विचार केला. "तेव्हा मी चाळिशीत होतो, साहेब. गाडी माझ्याच हातात होती. रस्ता साफ राहायचाच, असं धरून चाललो होतो."

उन्हाळ्यात विधिमंडळाने घटनेची ही दुरुस्ती लोकांच्या मतावर सोपवली. जादा पैसे परत न करता ते शाळांसाठी आणि रस्त्यांसाठी ठेवायचे, असा प्रश्न होता. ऑर्लिन गावात दारोदार फिरला. बऱ्याच ठिकाणी लोकांनी कॉफी दिली, मत देतो असं कुणी म्हटलं नाही. एक दार मात्र त्याने चुकवलं. गेलन स्ट्रोहचं.

तीस वर्षांपूर्वी किराणा दुकानासमोर या दोघांनी मिळून सलग सहा शनिवार सह्या गोळा केल्या होत्या. गेलन गहू आणि बाजरीचा शेतकरी, बोलायला फटकळ. "तुझा खिसा, तुझी परवानगी!" असं ओरडून तो लोकांना थांबवायचा आणि ऑर्लिन पेन पुढे करायचा.

रात्रपाळी बंद झाली त्याच हिवाळ्यात गेलनच्या बायकोला, मार्व्हेलला, पहाटे झटका आला. रुग्णवाहिका बर्फात पन्नास मिनिटं अडकली. ऑर्लिन तेव्हा चार मैलांवर घरी झोपलेला होता. पाचच्या आधी गाडी बाहेर काढायची नाही, असा हुकूम होता. मार्व्हेल वाटेतच गेली. गेलनने त्याला कधी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच ऑर्लिनला जड जायचं.

ऑक्टोबरात मतपत्रिका टपालाने घरोघरी आल्या. तिसऱ्या दिवशी गेलनचाच फोन आला.

"ये इकडे. तुझं ते भिकारपत्र आलंय."

गेलनच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यामुळे तो ऑर्लिनशी बोलतानाही त्याच्या कानाकडे बघत असे. टेबलावर मतपत्रिका, काळं पेन आणि भोपळ्याच्या गोड पाईचे दोन तुकडे मांडून तो बसला होता.

"मुलगी थँक्सगिव्हिंगच्या सणाशिवाय यायची नाही," तो म्हणाला. "वाच. सगळं वाच, गाळू नकोस."

तिथे न्यायाधीशही मतानेच पदावर राहत; ऑर्लिनने आधी त्यांची नावं वाचली, मग काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, प्रश्न. गेलन हो-नाही सांगत गेला आणि ऑर्लिन उत्तरापुढचे गोल पेनाने भरत गेला. मग तो प्रश्न आला. ऑर्लिनने तो पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सावकाश वाचला.

"आता बोल," गेलन म्हणाला. "गावभर बोललास, माझ्याकडेच नाही आलास."

"तुझ्याकडे कोणत्या तोंडानं येऊ?"

"मार्व्हेलमुळे?"

ऑर्लिनने मान हलवली.

"त्या दिवशी रात्रपाळी असती तर ती वाचली असती?"

"माहीत नाही. रस्ता साफ असता, एवढं माहीत आहे."

गेलनने पाईचा तुकडा काट्याने उगाच चिवडला. "तीन हिवाळे मी हाच विचार केला, गड्या. पण ज्यांनी रात्रपाळी बंद केली, त्यांच्या हातात आणखी पैसे द्यायचे आणि मोजायचंही नाही? आपण काय म्हणत होतो? विचारल्याशिवाय घेऊ नका. मी अजून तेच म्हणतोय."

"अरे, आता विचारतायत ना!"

"म्हणून तर उत्तर देतोय. नाही."

ऑर्लिनच्या हातात पेन होतं. 'हो'चा आणि 'नाही'चा गोल एकाखाली एक होते, बोटभरही अंतर नव्हतं. गेलन खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि कडेच्या नजरेने त्याला काय दिसत असेल ते देवालाच ठाऊक. ऑर्लिनने खालचा गोल काठोकाठ, रेषेबाहेर न जाता भरला.

"झालं?"

"झालं."

"बरं. पाई खा."

लिफाफ्यावर सही करायला ऑर्लिनने गेलनचं बोट रेघेवर नेऊन ठेवलं. मग कोर्टासमोरच्या मतपेटीत त्याने गेलनचा लिफाफा टाकला आणि पाठोपाठ स्वतःचा.

नोव्हेंबरात मतमोजणीत दुरुस्ती पडली. राज्यात थोडक्यात, त्यांच्या काउंटीत दणकून. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्लिन गेलनला हाताला धरून चौकातल्या खानावळीत घेऊन आला, कारण बुधवारी ते तिथे जातच. धान्य गोदामावरचा रेक्स गल्ल्यापाशी उभा होता.

"काय गेलन, मत कुणी भरून दिलं? ऑर्लिननं?"

"हो."

"मग गेलं की ते! 'हो'वर शिक्का!"

सगळी खानावळ हसली. ऑर्लिनने मान खाली घालून कॉफीसाठी साखरेची पुडी फाडली. आपण काही सांगितलं तर ते सफाई दिल्यासारखं होईल, आणि नाही सांगितलं तर...

गेलनने आवाजाच्या रोखाने तोंड वळवलं. "रेक्स," तो म्हणाला, "मी 'नाही' सांगितलं. त्यानं 'नाही' भरलं."

"तुला दिसलं का?"

"नाही," गेलन म्हणाला, आणि टेबलावर चाचपडत त्याने दुधाचं भांडं ऑर्लिनच्या बाजूला सरकवलं.