माफीचं कलम

डीनबाईंनी अ‍ॅन्सेल रिग्जला पत्र पाठवून त्याची पाठ थोपटली. मित्र नशेच्या गोळ्या घेऊन बेशुद्ध पडला असताना त्याने स्वतः फोन केला, आपलं नाव सांगितलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिथून हलला नाही. नशेत कुणाचा जीव धोक्यात आला, तर मदत बोलावणाऱ्याला माफी, असा कॉलेजचा नियम होता. त्या माफीच्या तिन्ही अटी पाळल्या गेल्या, तेव्हा कॉलेज त्याच्यावर कारवाई करणार नव्हतं. वर, नव्या मुलांसमोर चार शब्द बोलशील का, असंही विचारलं होतं.

पत्र वाचून अ‍ॅन्सेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या शनिवारी दुपारी सगळं वसतिगृह फुटबॉलच्या मॅचला गेलं होतं. तो खोलीत आला, तर खोलीतला सोबती ड्यूई कोवाच जमिनीवर पडलेला. घशात घरघर, ओठ निळे. अ‍ॅन्सेलने फोन काढला आणि कॉलेजची वेबसाइट उघडली. दारामागे चिकटवलेल्या माफीच्या नियमाच्या कागदावर फक्त दारूचा उल्लेख होता. गोळ्यांना माफी आहे की नाही, हे त्याला बघायचं होतं. गोळ्या दोघांनी मिळून आणल्या होत्या आणि अ‍ॅन्सेलची शिष्यवृत्ती एका तक्रारीत गेली असती. मोठा शहाणा! नववं कलम वाचलं, मग त्याच्या तळटीपा. माफी गोळ्यांनाही होती. तेव्हा कुठे त्याने मदतीला फोन लावला. यात अकरा मिनिटं गेली. चौकशीच्या कागदावर मात्र त्याने लिहून दिलं, 'दिसताक्षणी फोन केला.'

तीन आठवड्यांनी तो इस्पितळात गेला. ड्यूईची आई डोरीन लेकाला चमच्याने सफरचंदाचा गर भरवत होती. ड्यूईचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

"ये बाळा, बस. याला रोज सांगते, हा पोरगा नसता तर तू आज मातीत असतास."

ड्यूई अर्ध्या तोंडाने हसला. अ‍ॅन्सेलला त्याच्याकडे बघवेना.

"डॉक्टर सारखे विचारतात, किती वेळ धड श्वास नव्हता म्हणून. मी म्हटलं, याने बघितल्या बघितल्या फोन केला. हो ना रे?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"अकरा मिनिटांनी केला, काकू."

"काय?"

"मी आलो तेव्हाच तो निळा पडला होता. फोन अकरा मिनिटांनी केला."

"मग तेवढा वेळ करत काय होतास?"

"नियम वाचत होतो. मला शिक्षा होईल का, ते बघत होतो."

डोरीनने लेकाची हनुवटी पुसली. तिने शिव्या घातल्या असत्या तर अ‍ॅन्सेलला बरं वाटलं असतं.

"मग? झाली शिक्षा?"

"नाही."

"बरं झालं. एकाचं तरी काही बिघडलं नाही." तिने पुन्हा चमचा भरला, पण तो वाटीतच राहिला. "डॉक्टर खालच्या मजल्यावर आहेत. जा, त्यांना सांगून ये. मला नाही जमायचं सांगायला."