मुठीचा साचा

ताक.

प्लास्टर कालवलं की आधी ताकासारखं पातळ असतं. कल्पिताने ते रंगाच्या रिकाम्या डब्यात कालवलं. तिच्या कामाच्या छपरीत पेले, दिवे, साबणदाण्या, सगळं साच्यांतून निघायचं. आजचा साचा बाबाच्या, दत्तात्रेयच्या मुठीचा. मिठागरात मीठ ओढून ओढून त्याची बोटं आखडली होती, कपाच्या कानात जात नव्हती. त्याच्याच मुठीत बसेल असा कान ती ओतणार होती.

"मूठ नुसती टेकव, बाबा."

"नुसती कशाला? नीट येव दे." आणि त्याने उजवा हात मनगटापर्यंत खुपसला.

दही.

इतक्या लवकर?

"बाबा, पाणी कुठलं आणलंस?"

"नलाला न्हाय आला. बावीचा आणला."

बांधाजवळच्या विहिरीचं. खारं. खाऱ्या पाण्यात प्लास्टर झटकन धरतं. पण जन्मभर मीठ पिकवलेल्या माणसाला खारं पाणी म्हणजे पाणीच.

"काढ हात."

"येत न्हाय गो." तो हसला. "धरलाय मना."

खडू.

आता तापणार. घट्ट होताना ते तापतंच, आणि एवढा मोठा गोळा तर... तिने डबा बाहेरून धरला नि हात झटकन मागे घेतला.

"भाजतंय?"

"न्हाय."

"खरं सांग."

"थंड हाय गो बाय."

थंड.

साखरेचा आजार होता त्याला. पायातली चप्पल निसटलेली कळायची नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. हातांचं कुणी विचारलंच नव्हतं. तिनेही.

दगड.

कोयत्याने डबा चिरला. वरून गार पाणी ओतलं, ते खाली कढत होऊन आलं. छिन्नी टेकवली. अंगठा कुठे असेल? आत वळलेला की वर? साच्यात काय आहे हे तिला नेहमी माहीत असायचं.

"मार की," तो म्हणाला. "नारल फोडतंस ना?"

मारली. पुन्हा. तडा मनगटापासून खाली धावला.

हात निघाला. लालभडक, बोटांची टोकं पांढरी. एका तुकड्याला आतून कातडीचा पापुद्रा चिकटलेला, रेषांसकट.

रिक्षा. ओला पंचा. अलिबागचा रस्ता, खड्डे, पुन्हा खड्डे.

"कप व्हईल ना त्या तुकड्यांत?" त्याने विचारलं.

तिने त्याचा दुसरा हात मांडीवर घेतला, न भाजलेला.

"बाबा, अंगठा दाबते. कळलं की सांग."

"दाब की," तो बाहेर बघत म्हणाला.

ती केव्हाची दाबत होती.