बहात्तराव्या जागेपर्यंत

होय मित्रांनो, मी जुनं पुस्तक आहे. पाठ उसवलेली, कागद पिवळा पडलेला, आणि विषय फोर्ट्रान. या संगणकाच्या भाषेचं नाव काढलं की तरुण मंडळी हसतात. हसू देत! मला काडीची लाज वाटत नाही.

१९७८ साली बल्गेरियात, सोफिया शहरात माझी छपाई झाली. ग्रोझ्दान नावाच्या विद्यार्थ्याने मला विकत घेतलं आणि नोकरी लागल्यावर प्लोव्दिवच्या पूर-कार्यालयात आणलं. मरित्सा नदीला उद्या किती पाणी येईल हे सांगणारा प्रोग्रॅम त्याने माझ्याच आधाराने लिहिला. काय ऐट होती तेव्हा माझी! जेवतानाही मी त्याच्यासमोर उघडं असे; बनित्साचे, म्हणजे आमच्याकडच्या चीज भरलेल्या खुसखुशीत पावाचे, तुपकट डाग अजून अंगावर आहेत. पुढे यंत्रं बदलली, प्रोग्रॅम तोच राहिला, आणि मला मात्र खिडकी आपटू नये म्हणून फटीत खुपसलं. दहा वर्षं! राग येणार नाही?

ग्रोझ्दान काका निवृत्तीला आले तेव्हा त्यांच्या जागी रुमियाना आली. बर्फ वितळायच्या दिवसांत तिला एक काम मिळालं: नव्या धरणातून सुटणारं पाणी प्रोग्रॅममध्ये मिळवायचं. तिने चकचकीत नवं पुस्तक घेतलं आणि त्यात बघून एक लांबलचक ओळ लिहिली.

"काका, चालला! एकही चूक दाखवली नाही!"

उद्याच्या पाण्याचा आकडा धोक्याच्या पातळीखाली आला. साहेबीण मिलेवाबाईंनी काठावरच्या गावाला 'भीती नाही' असं कळवायला फोन उचलला. काकांनी हनुवटी वर उडवली. म्हणजे साफ नाही.

"पोरी, धरण उघडतायत, आणि नदी एवढीशीच चढते? उपास धरलाय की काय तिने?"

"पण पुस्तकात असंच लिहितात, काका."

"पुस्तक कुठल्या काळातलं? आणि आपला प्रोग्रॅम कुठल्या?"

त्यांनी मला खिडकीतून उपसलं आणि एकतिसावं पान तिच्यापुढे आदळलं. जुन्या काळी प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं टोचून लिहीत; एका कार्डावर ऐंशी अक्षरांच्या जागा. शेवटच्या आठ जागा कार्डाच्या क्रमांकासाठी राखलेल्या. म्हणून जुना फोर्ट्रान बहात्तराव्या जागेपुढचं काही वाचतच नाही, आणि तक्रारही करत नाही.

रुमियानाने बोटाने जागा मोजल्या. तिचा चेहरा पांढराफटक पडला. धरणातून सेकंदाला १८० घनमीटर पाणी सुटणार होतं, आणि त्या १८० मधलं शून्य त्र्याहत्तराव्या जागेवर होतं. यंत्राने वाचले होते फक्त अठरा.

"बाई, फोन ठेवा!" ती ओरडली.

ओळ तोडून दोन ओळींत लिहिली. नवा आकडा धोक्याच्या पातळीवर गेला. गावाने म्हातारीकोतारी माणसं आणि मेंढ्या टेकडीवर हलवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या आळीतल्या घरांत छातीभर पाणी होतं, आणि आत कुणीही नव्हतं.

मिलेवाबाई म्हणाल्या, "याला काचेच्या कपाटात मानाने ठेवू या."

"कपाटात कशाला?" रुमियानाने मला ओढून घेतलं. "मला रोज लागतं ते."

ऐकलंत ना? मित्रांनो, मला हार नको आणि दया तर मुळीच नको. ते नवं पुस्तक वाईट नव्हतं. ते दुसऱ्या काळातल्या कामाचं होतं. जुनी भाषा शिकायला पुस्तक निवडाल, तेव्हा आधी आपलं काम कुठल्या काळातलं ते बघा, मग त्यातलं एक उदाहरण स्वतः सोडवा. माझं पान फाटलं तर चिकटवा, डाग पडले तर पडू द्या. पण मला बंद करून ठेवू नका. अजून खूप जण ती लांब ओळ लिहिणार आहेत.