शून्य तक्रारींचा महिना

सकाळी कामावर निघताना तक्रारप्रमुख आधी दार किलकिले करून पाहत असे, आणि जिन्यात कुणाची चाहूल नाही अशी खात्री झाल्यावरच बूट चढवत असे. बूट चढवताना तो समोर पाहत नसे. समोर लिफ्टचे बंद दार होते आणि त्यावर त्याच्याच कंपनीचा हिरवा कागद डकवलेला होता : ‘अडचण आहे? आम्ही फक्त एका फोनच्या अंतरावर आहोत.’ ही ओळ त्याने स्वतः रचली होती. रचली त्या दिवशी ती बायकोला दोनदा वाचून दाखवली होती.

लिफ्ट बंद पडून आता बरेच दिवस झाले होते. सहाव्या मजल्यावरून तो चोरपावलांनी उतरू लागे, आणि पाचव्यावर कुलूप लावणाऱ्या शिक्षिकाबाई त्याला नेमक्या गाठत.

“लिफ्टची देखभाल तुमचीच कंपनी करते ना हो?”

“हो, म्हणजे… आमच्याकडेच आहे ती.”

“मग कधीतरी भाल काढून नुसतं देखायला तरी पाठवा कुणाला!”

आज तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर किराणा दुकानदार धापा टाकत बसला होता. त्याने तक्रारप्रमुखाला ओलांडून जाऊ दिले नाही.

“काल फोन केला होता तुमच्याकडे. बाई म्हणाल्या, आपली विचारणा नोंदवून घेतली आहे. अहो, मी विचारलं काय होतं? मी तर शिव्या घातल्या होत्या!”

“त्या विचारणेतच धरतो आम्ही,” तक्रारप्रमुख पुटपुटला आणि भिंतीला घासत पुढे सटकला.

हे धरणे हीच त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी होती. मोठ्या साहेबांनी ‘शून्य तक्रारींचा महिना’ जाहीर केला, तेव्हा बाकीचे विभागप्रमुख लिफ्ट लवकर दुरुस्त कशा होतील याचा खल करत बसले. याच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. येणाऱ्या प्रत्येक फोनला तक्रार न म्हणता विचारणा म्हटले, तर तक्रारी उरतीलच कशाला? साहेब खूश झाले. कचेरीतल्या हॉलच्या भिंतीवर मोठा आकडा झळकू लागला : शून्य. महिना असाच पार पडला, तर खिडकी असलेली केबिन आणि बढती, असा शब्द साहेबांनी दिला. फक्त एक गोष्ट कुणी बोलून दाखवली नाही. नियमाप्रमाणे मेकॅनिक तक्रारीवर जातो, विचारणेवर जात नाही. त्यामुळे तळघरात मेकॅनिक मंडळी पाने-पकडी पुसून पुसून चकचकीत करत बसली होती, आणि गावभर लिफ्ट बंद असताना वर चढणारा माणूस कंपनीत हा एकटाच होता.

संध्याकाळी सहा मजले चढून तो घरी आला, तेव्हा अण्णा, म्हणजे त्याचे वडील, खिडकीशी उभे राहून फोनवर बोलत होते. खाली अंगणात त्यांचा जुना कंडक्टर कानाला फोन लावून वर पाहत होता. अण्णा बस चालवत, तेव्हापासूनची ही जोडी. अण्णांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले होते आणि कंडक्टरचे गुडघे गेले होते. लिफ्ट होती तोवर ते रोज खालच्या बाकावर बसत. आता एकमेकांना हात हलवत.

फोन ठेवून अण्णा म्हणाले, “शनिवारी सकाळी तो चालला. लेकीकडे, कायमचा.”

“रोज बोलता की फोनवर.”

“वरून मला त्याची टोपी दिसते रे नुसती! अख्खी नोकरी त्याच्या घंटीवर गाडी हाकली मी. जाताना पाठीवर हातसुद्धा ठेवायचा नाही?”

“डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय, अण्णा.”

“डॉक्टरांनी जिना बंद केला, तू लिफ्ट बंद केलीस. मी उतरणार. लिफ्ट असली तर लिफ्टनं, नसली तर जिन्यानं.”

“आणि परत वर कसे याल?”

“ती माझी विचारणा म्हणून लिहून घे.”

बायकोने स्वयंपाकघरातून हाक दिली, “अहो, एक मेकॅनिक पाठवायला तुम्हाला इतकं काय जड जातंय?”

“तक्रार असल्याशिवाय पाठवता येत नाही.”

“मग करा तक्रार.”

“महिना संपत आलाय गं. आकडा बिघडेल.”

ती बाहेर आली. अण्णांकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि परत आत गेली. ती भांडली असती, तर त्याला झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो कचेरीत मागच्या वाटेने शिरला. तळघरात जाऊन त्याने मेकॅनिकांच्या मुकादमाला बाजूला घेतले. “जरा माझ्याकडे चक्कर टाकता का? नोंदबिंद नको.”

“नोंदीशिवाय हत्यारांची पेटी बाहेर काढली तर कारवाई, साहेब,” मुकादम थंडपणे म्हणाला. “ती बघा, भिंतीवर नोटीस. खाली सही कुणाची आहे, वाचू का?”

तक्रारप्रमुख आपल्या केबिनमध्ये आला. काचेपलीकडे फोनवाल्या बाई बसल्या होत्या. त्याने दार लावून घेतले आणि स्वतःच्याच विभागाला फोन लावला.

“नमस्कार. आपली विचारणा सांगा.”

“विचारणा नाही, तक्रार आहे. आमची लिफ्ट बंद आहे.”

काचेपलीकडची मान वळली. आवाज तसूभरही बदलला नाही. “लिफ्ट कधी सुरू होईल, याची माहिती हवी आहे का आपल्याला?”

“माहिती नको. लिफ्ट हवी.”

“म्हणजे आपली सूचना आहे.”

“बाई, मी बोलतोय!”

“ओळखलं, साहेब. पण तुम्ही लिहून दिलेल्या कागदावर तिसरं वाक्य हेच आहे. आता चौथं, ‘आपल्या आपुलकीबद्दल आभार.’ म्हणू का?”

त्याने फोन ठेवला. क्षणभर त्याला स्वतःच्या हुशारीचे कौतुकच वाटले. इतकी चोख भिंत बांधली होती की बांधणाऱ्यालाही आत शिरायला फट नव्हती. मग या भिंतीबाहेर आणखी कोण कोण उभे असेल, असे त्याच्या मनात आले.

तो बाहेर आला, एक स्टूल ओढून बाईंच्या शेजारी बसला. “विचारणा दाखवा.”

पडद्यावर त्या एकाखाली एक उघडल्या. बहुतेकांपुढची उत्तरे त्यानेच मंजूर केलेली होती. एकीपाशी तो थांबला. ‘विचारणा : बाळंतीण सुनेला पाचव्या मजल्यावर कसे न्यावे? उत्तर : सावकाश.’

“हे मी मंजूर केलं?”

“तुम्ही ‘छान, थोडक्यात’ असा शेराही मारला होता.”

तक्रारप्रमुखाने कानशिले चोळली. बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुमची तेवढी एकच तक्रार करून टाकते. साहेबांना सांगू, चुकून बटण दाबलं गेलं.”

सल्ला मायेचा होता आणि व्यवहाराचाही. एक चूक साहेबांनी पोटात घातली असती. खिडकीची केबिनही हुकली नसती, आणि अण्णाही शनिवारी खाली उतरले असते. त्याने हॉलच्या भिंतीवरच्या शून्याकडे पाहिले. ते पुसल्यासारखे स्वच्छ होते.

“नको,” तो म्हणाला. “सगळ्याच बदलू. पहिल्यापासून.”

“सगळ्या?”

“सरका जरा. तुम्ही वाचा, मी बदलतो.”

पहिल्या नोंदीतला ‘विचारणा’ शब्द पुसून त्याने ‘तक्रार’ लिहिले. भिंतीवर शून्याचा एक झाला. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. थोड्या वेळाने मुकादम धावत वर आला, कारण त्याच्याकडे आता कागदामागून कागद येऊ लागले होते.

“साहेब, आधी तुमचं घर ना?”

“आलेल्या क्रमानं जा. बाळंतिणीची इमारत तेवढी आधी घ्या.”

मुकादमाने कागद चाळून हिशेब मांडला. “मग तुमचा नंबर उद्या संध्याकाळी. उशीर झाला तर शनिवारीच.”

“शनिवार उजाडला, तर वडिलांच्या दोस्ताला, त्यांच्या जुन्या कंडक्टरला, मी पाठीवर घेऊन वर आणीन. तेवढी शिक्षा मला सोसेल.”

मुकादम हसला आणि पेट्या उचलायला गेला.

बाईंपुढचा आतला फोन वाजला. त्यांनी ऐकले, रिसीव्हरवर हात ठेवला. “मोठे साहेब विचारतायत, हे काय चाललंय?”

“सांगा, येतो. एवढ्या उरकल्या की.”

त्याने बाह्या दुमडल्या आणि पुढची नोंद वाचायला त्यांना खुणेने सांगितले.