दुसरा नळ

नगरपालिकेची नोटीस दरवर्षी यायची आणि सासरे दरवर्षी उत्तर धाडायचे: आमच्याकडे दुसरा नळ नाही, तेव्हा त्याच्या थकबाकीचा प्रश्नच उद्भवत नाही. बावीस वर्षं हा खेळ चालला होता. यंदाची नोटीस मात्र खमकी निघाली. सोमवारपर्यंत पैसे भरा, नाहीतर पहिल्या नळाचं पाणी तोडू.

पहिल्या नळावर तर सगळं बाइंडिंगचं दुकान चालायचं. खळ शिजवायला पाणी, ब्रश धुवायला पाणी, खळीने चिकट झालेले हात धुवायला पाणी. चारशे वह्या शिवून तयार होत्या, नुसती पुठ्ठ्यांची वाट बघत होत्या. दुकान आता सून सांभाळायची, आणि नोटीस वाचून तीही चिडली. पण तिच्यात आणि सासऱ्यांत एक फरक होता. ते चिडले की लिहायला बसत, ही चिडली की शोधायला निघे. इतकी वर्षं नळ नाही म्हणून भांडण चाललंय, पण उठून बघायचं कुणाच्या डोक्यातच येऊ नये? कमाल आहे!

ती तडक पालिकेत गेली. पाणीखात्यातल्या कारकुनाने आधी टोलवाटोलवी केली. ही हलत नाही म्हटल्यावर त्याने कपाट उघडून त्यांच्या घराचा जुना नकाशा काढला. त्यावर चक्क दोन नळ होते.

"दारापासून बारा फूट आत, मग डावीकडे नऊ फूट," कारकून म्हणाला. "आणि ही सही बघा, बाई. कुणाची आहे?"

सही सासऱ्यांची होती. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला तिथेच कळलं.

घरी येऊन तिने मोजायची टेप काढली आणि दाराशी उकिडवी बसली.

"काय चाललंय?" खुर्चीतून सासऱ्यांनी विचारलं.

"नळ शोधतेय, बाबा."

"नाही म्हणून सांगितलं ना! बावीस वर्षं मी काय झक मारतोय?"

"तेच बघायचंय."

बारा फूट आत. मग डावीकडे. सहाव्या फुटाला टेप भिंतीला टेकली. उरलेले तीन फूट पलीकडे, धाकट्या काकांच्या लाँड्रीत. बावीस वर्षांपूर्वी दोघा भावांनी घर वाटून घेतलं, मध्ये भिंत घातली आणि तेव्हा कसल्याशा फालतू बोलण्यावरून जी तोंडं फिरवली, ती आजतागायत. तिने भिंतीला कान लावला. पलीकडे कुणीतरी बादली भरत होतं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "तेव्हा त्याचा धंदा नुकता उभा राहत होता. पोरं लहान. नळ तिकडे गेलाय म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तोडला असता पालिकेने."

"मग काकांना तरी सांगायचं! नावावर करून घेतला असता."

"त्याच्याशी बोलणार कोण? त्यापेक्षा पालिकेला उत्तर धाडणं सोपं."

तिला रागही आला आणि त्या हट्टी म्हाताऱ्याची मायाही आली. ती पायात चपला सरकवून लाँड्रीत गेली आणि इस्त्री करणाऱ्या काकांसमोर तिने नोटीस ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"माझ्या नळाची थकबाकी? पण मला तर बिल कधी आलंच नाही. मला वाटायचं, दादा भरतोय." त्यांचा आवाज खाली गेला. "फुकटचं पाणी वापरतोय, म्हणून तोंड दाखवायची लाज वाटायची गं."

"भरत नव्हते, काका. तुमचं पाणी तुटू नये म्हणून भांडत होते. आता सोमवारी आमचं तुटणार."

काकांनी इस्त्री बंद केली. गल्ल्याची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

"काय लागेल ते घे. उरलेलं उद्या आणतो." मग शर्टाचं वरचं बटण लावत त्यांनी विचारलं, "दादा आहे ना घरी?"